कुणी न पाठवलेला मध्यस्थ

वकिलातीत त्याला सगळे पायघडी म्हणत. त्याला नाव होतंच, पगाराच्या कागदावर ते छापूनही येई, पण ते वाचून 'हा कोण बुवा?' असं खुद्द खजिनदाराला वाटे. मोठ्या माणसाचं पाऊल पडायच्या आधी हा पुढे जाऊन जमीन मऊ करून येई, म्हणून पायघडी. वकिलात परदेशाची, माणूस इथला. राजदूत येत, काही उन्हाळे काढत आणि जात. त्यांच्याबरोबर त्यांची बायकामुलं, कुत्री, एकदा तर एक अख्खा पियानो गेला. पायघडी मात्र जिन्याखालच्या त्याच खोलीत, डुगडुगत्या टेबलाशी. वरून कुणी जिना उतरला की पावलावरून ओळखायचा कोण आहे ते, आणि माणूस खाली पोचेपर्यंत ह्याच्या चेहऱ्यावर त्या माणसाला हवा तसा भाव तयार.

त्याचं काम म्हणजे चाचपणी. मोठ्या माणसांच्या जगात कुणी कुणाला थेट विचारत नाही. विचारलं आणि समोरचा नाही म्हणाला, तर भर सभेत नाक कापल्यासारखं होतं. म्हणून आधी पायघडीसारखा माणूस जातो. तो विचारत नाही, 'समजा' म्हणतो. समजा आमच्या साहेबांनी बोलावलं, तर तुमचे साहेब येतील का? येतील असं दिसलं की मग छापील निमंत्रण निघतं. नाही दिसलं, तर कुणी काही विचारलंच नव्हतं. आपल्याकडे लग्न जुळवणारे मध्यस्थ हेच करतात. मुलीकडच्यांना सांगतात, मुलाकडून विचारणा आहे. मुलाकडच्यांना सांगतात, मुलीकडून आहे. आणि मांडवात दोन्ही व्याही छाती काढून बसतात.

एकदा काय झालं, दोन राजदूतांचं वाकडं आलं. कारण काय, तर दारातून आधी कुणी आत जायचं. दोघांनीही आपापल्या परीनं पायघडीला बोलावून घेतलं, बाबा ह्यातून काहीतरी काढ. पायघडीनं ह्याला सांगितलं, त्यांचा गुडघा दुखतोय, चारचौघांत दाखवत नाहीत. त्याला सांगितलं, ह्यांचा गुडघा दुखतोय. झालं. मेजवानीच्या दिवशी दोघे दारात उभे, 'आधी आपण', 'छे छे, आधी आपण', आणि आत सूप थंड. शेवटी एकमेकांच्या कोपराला हात देत दोघे बरोबरच आत गेले, आणि पुढे घट्ट मित्र झाले. एकमेकांना गुडघ्याची औषधं पाठवत. अशा गोष्टींवर पायघडीचं नाव झालं होतं. खोटं बोलायचा, पण ज्याच्यासाठी बोलायचा त्यानं पाठवलेला असायचा. हा एक नियम होता, आणि तो त्यानं कधी मोडला नव्हता.

मग आले हे साहेब, आणि ही त्यांची शेवटची नेमणूक. इथून निवृत्त होऊन घरी. मोठा माणूस, पण मोठेपणाचा वास नाही. पायघडीला 'तुम्ही' म्हणत, जिन्याखालच्या खोलीत स्वतः वाकून येत, कारण तिथलं छत खाली होतं, आणि उभ्या उभ्याच चहा घेत. बायको वारलेली. मुलगी एकुलती एक, दूर कुठल्या देशात प्राध्यापक. तिचं पाकीट आलं की साहेब पाठीमागचं तिचं नाव मोठ्यानं वाचत, नावाआधी डॉक्टर होतं तेही वाचत, आणि हसत. एकदा हसता हसता म्हणाले, "माझं अर्धवटच राहिलं हो. वडील गेले, धाकटी भावंडं होती, नोकरी धरली. प्रबंधाची दोन प्रकरणं लिहून झाली होती." एवढंच बोलले आणि पेन्सिलीचं मागचं टोक चावत वर निघून गेले.

झालं, ती दोन प्रकरणं पायघडीच्या डोक्यात जाऊन बसली. त्याचा साहेबांवर जीव होता, हे खरं. पण नुसता जीव होता म्हणून हे घडलं असं म्हणणं म्हणजे ताकाला जाऊन भांडं लपवणं होईल. त्याला हेही वाटत होतं, की इतके राजदूत ह्या दारातून गेले, पण ह्या साहेबांना जशी पाठवणी मिळेल तशी कुणाला मिळाली नसेल, आणि ती आपण घडवून आणलेली असेल.

शहरातलं विद्यापीठ दर वर्षी एकाच माणसाला मानद डॉक्टर करी. तिथला कुलसचिव पायघडीचा जुना दोस्त. दोघांचा धंदा एकच, हा वकिलातीत जमीन मऊ करायचा, तो विद्यापीठात. विद्यापीठाच्या उपाहारगृहात खिडकीजवळच्या टेबलाशी बसून पायघडी म्हणाला, समजा तुमच्या परिषदेनं आमच्या साहेबांचा विचार केला, तर साहेब नाही म्हणतील असं मला वाटत नाही. कुलसचिवानं कप खाली ठेवला. त्याला कळायचं ते कळलं. वकिलातीचा पायघडी उगाच 'समजा' म्हणत नाही, वरून आलंय. दुसऱ्याच दिवशी पायघडी साहेबांना म्हणाला, विद्यापीठात आपल्या नावाचा विचार चाललाय असं कानावर आलंय. साहेबांचे कान लाल झाले. वयस्कर माणसाचे कान असे लाल झालेले पायघडीनं कधी पाहिले नव्हते.

म्हणजे इकडून कुणी पाठवलं नव्हतं आणि तिकडूनही कुणी पाठवलं नव्हतं. मुलगा नाही, मुलगी नाही, आणि मध्यस्थ मात्र दोन्ही घरी पेढे मागून आला.

आणि एक गोष्ट राहिली. ती पायघडीही बरेच दिवस स्वतःपाशी राहूच देत होता. त्याची बायको विद्यापीठाच्या मुलींच्या वसतिगृहात स्वयंपाकघर सांभाळायची. उपाहारगृहातल्या त्या चहाच्या आदल्याच आठवड्यात ती घरी नाचत आली होती. का, तर यंदाची पदवी विहीरबाईंना द्यायचं घाटतंय. विहीरबाई म्हणजे भूगर्भशास्त्राच्या निवृत्त शिक्षिका. साऱ्या शहरातल्या विहिरींत मोजपट्टी सोडून पाण्याची पातळी बघत जन्मभर पायी फिरल्या. विहिरी बुजवून इमारती बांधणाऱ्यांशी भांडल्या, आणि ह्या सगळ्या वणवणीत स्वतःचा प्रबंध काही पुरा झाला नाही. पायघडीच्या गल्लीतली विहीर त्यांच्यामुळेच उघडी राहिली होती. ते ऐकून पायघडी 'वा वा' म्हणाला होता. आणि नंतर कुलसचिवापुढे कप फिरवताना त्याच्या मनात आलं होतं, बाई काय, इथल्याच आहेत. त्या कुठं जातायत? पुढच्या वर्षी मिळेल. साहेब मात्र जाणार.

परिषदेनं बाईंऐवजी साहेबांचं नाव ठरवल्याची बातमी फुटली तशी बायको घरी आली ती पिशवी दारातच ठेवून. म्हणाली, तुमच्या साहेबांनी बाईंच्या ताटातलं उचललं. पायघडी म्हणाला, साहेब तसले नाहीत. "मग कसले आहेत?" बायको म्हणाली. "सगळं विद्यापीठ म्हणतंय, माणूस पाठवून मागून घेतलं म्हणून. कोण तो निर्लज्ज माणूस, तेवढं नाव कळू दे मला." पायघडीच्या घशात घास अडकला, आणि पाठीवर थापट्या मारायला बायकोच उठली.

मग गोष्ट वाढत गेली. विद्यार्थी विद्यापीठाच्या पायऱ्यांवर रिकाम्या बादल्या उपड्या घालून त्यांवर बसू लागले. काही प्राध्यापकांनी समारंभाला न येण्याचं ठरवलं. वर्तमानपत्रात एक व्यंगचित्र आलं, त्यात साहेब विहिरीत दोर सोडून डॉक्टरची टोपी वर ओढतायत. चित्र छान होतं, तेच वाईट. फळवाल्यानंही ते गाडीवर चिकटवलं होतं. जन्मभर कुणाच्या एका पैचाही मिंधा नसलेला माणूस, आणि शेवटच्या मुक्कामाला त्याच्या नावावर हे. साहेबांचं नाव धुऊन निघेल की ह्याच डागासकट घरी जाईल, हे एका माणसाच्या तोंडावर अवलंबून होतं, आणि ते तोंड मिटलेलं होतं.

बरं, साहेबांनी तरी काय करावं? ते वाकून जिन्याखाली आले आणि म्हणाले, "पायघडी, मी मागितलं नव्हतं. तुम्हाला तर माहीतच आहे. ही कंडी कुणी पिकवली, जरा चाचपणी करून बघता?"

चोरालाच चोर शोधायला धाडलं. पायघडी 'हो साहेब' म्हणाला. छत्री घेऊन बाहेर पडला, बागेतल्या बाकावर बसून राहिला आणि परत येऊन म्हणाला, नक्की कळत नाही. तेव्हा साहेबांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला, दमलात, म्हणाले. शिव्या दिल्या असत्या तर त्यानं हसत खाल्ल्या असत्या. तो हात मात्र घरी पोचला तरी खांद्यावरून उतरेना.

दुसऱ्या दिवशी कामावरून आल्या आल्या त्यानं बायकोला सांगून टाकलं. ती भांडी आवरत होती. ओरडली नाही. हातातलं पातेलं तसंच धरून म्हणाली, "म्हणजे त्या दिवशी मी घरात विचारत होते, आणि तुम्ही समोर बसून जेवत होता." मग पातेलं खाली ठेवून, "आता तोंड आहे ना? जा, सांगा सगळ्यांना."

पायघडी आधी कुलसचिवाकडे गेला. कुलसचिवानं उठून खोलीचं दार लावलं. तो म्हणाला, अरे बाबा, परिषदेला मी सांगितलंय की वकिलातीची इच्छा आहे. तू आता म्हणणार वकिलातीला पत्ताच नव्हता. मग मी कोण ठरलो? थोडं थंड घे, लोक विसरतात, पुढच्या वर्षी बाईंना देऊ. पायघडीच्याच मनातले शब्द होते ते, दुसऱ्याच्या तोंडून फार घाणेरडे लागले.

तिथून तो तडक पायऱ्यांवर गेला. विद्यार्थ्यांची सभा चालली होती, दोन-तीन प्राध्यापक, एक वार्ताहर. पायघडीनं आयुष्यात पहिल्यांदा 'समजा' न म्हणता बोलायला सुरुवात केली. म्हणाला, साहेबांनी कुणाला पाठवलं नव्हतं, मी माझ्या मनानं आलो होतो, दोन्हीकडे थाप मारली, दोष माझा. सगळं सांगितलं. त्याला वाटलं, सुटलो.

मग एका चष्मेवाल्या मुलीनं सौम्यपणे विचारलं, "काका, तुम्ही तिथं नोकरीला आहात ना?"

"हो."

"मग तुम्ही दुसरं काय सांगणार?"

कुणी हसलं नाही, उलट सगळ्यांना त्याची दया आली. एका मुलानं तर बसायला स्वतःची बादली दिली. एक प्राध्यापक समजुतीनं म्हणाले, जाऊ द्या, पोटासाठी करावं लागतं. जन्मभर ज्यानं गोड करून सांगितलं, त्याचं एक कडू सत्य कुणी तोंडात घेईना. सकाळी वर्तमानपत्रात मथळा होता, राजदूतांनी नोकराला पुढे केलं. साहेबांना सोडवायला गेला होता, आणि गाठ आणखी घट्ट करून आला.

साहेबांनी वर बोलावलं. वर्तमानपत्र टेबलावर पालथं ठेवलेलं.

"ह्यात लिहिलंय ते तुम्ही बोललात?"

"हो साहेब."

"खरं बोललात?"

"हो साहेब."

साहेब खिडकीशी जाऊन उभे राहिले. खाली बागेत माळी गुलाबांना पाणी घालत होता. मग बोलले ते पाठमोरेच. म्हणाले, माझी हयात ह्या धंद्यात गेली. कानावर आलंय असं कुणी म्हणालं, की कुणाच्या तोंडून, हे पहिलं विचारायचं; नव्या पोरांना मीच शिकवत आलो. तुम्ही सांगितलंत तेव्हा मी विचारलं नाही. मला विचारायचंच नव्हतं. मग वळले आणि पदवी नम्रपणे नाकारत असल्याच्या दोन ओळी तिथेच उभ्यानं लिहून काढल्या. पायघडी हात जोडून म्हणाला, साहेब, त्यात माझं नाव घाला, मला काढून टाका, म्हणजे लोकांना पटेल. साहेब म्हणाले, "तुम्हाला काढलं तर म्हणतील, नोकराचा बळी दिला." ते खरंच होतं. पदवी घेतली असती तर हावरा, नाकारली तर पकडला गेलेला. कुठूनही गेलं तरी वाट एकाच गावाला जात होती.

परिषदेनं मग घाईघाईनं ती पदवी विहीरबाईंना देऊ केली. बाईंनी निरोप धाडला, दुसऱ्याच्या गळ्यातून उतरलेला हार मी घालत नाही. त्या वर्षी पदवी कुणालाच गेली नाही.

जायच्या आदल्या दिवशी साहेब म्हणाले, बाईंना भेटून येऊ. पायघडी सवयीनं म्हणाला, मी आधी जाऊन बघतो, घरी आहेत का, त्यांना चालेल का. साहेब म्हणाले, "नको. नुसते जाऊ. दार लावून घेतलं तर परत येऊ."

बाईंनी दार लावून घेतलं नाही. छोटी बैठकीची खोली, भिंतीवर शहराचा नकाशा, त्यावर विहिरींचे निळे ठिपके; जिथे इमारती झाल्या तिथले खोडलेले. बाई वाळक्या, ताठ, पायाला पट्टी बांधलेली. ह्या खेपेला खरंच गुडघाच होता. पायघडीनं बोलायला तोंड उघडलं तसा साहेबांनी हात वर केला. साहेब स्वतः बोलले. म्हणाले, मी मागितलं नव्हतं, पण पुढ्यात आलं तेव्हा कुणाचं आहे हेही विचारलं नाही. त्याची माफी मागायला आलोय. बाईंनी पाणी दिलं. म्हणाल्या, मला काही वाटलं नाही असं मी म्हणणार नाही. वाटलं. मी नवी साडी आणली होती. माझ्या भाच्याला कळवलं होतं. पुढच्या वर्षीचं म्हणाल, तर माझ्या वयाला पुढचं वर्ष हे असंच, आलं तर आलं. पण तुमचं नाव नासलं हेही काही बरं झालं नाही. तुम्ही खरं सांगताय असं मला दिसतंय.

साहेबांच्या खांद्यावरचं ओझं थोडं उतरलेलं दिसलं. पायघडीलाही हायसं वाटलं. सगळ्या शहरात एकीनं तरी खरं मानलं होतं. आणि तेवढ्यात बाई त्याच्याकडे वळल्या. ह्याची बायको वसतिगृहात असते हे त्यांना ठाऊक होतं.

"आणि तू रे? तू जेव्हा ती थाप मारलीस, तेव्हा माझं घाटत होतं हे तुला माहीत होतं?"

साहेबांनी त्याच्याकडे पाहिलं नाही. त्यांच्या मनात उत्तर ठरलेलंच होतं, 'नव्हतं'. माहीत असतं तर पायघडीनं असं केलंच नसतं, ह्यावर त्यांचा इतका विश्वास होता, की त्यांनी हा प्रश्न कधी विचारलाही नव्हता, आणि पायघडीनं आपण होऊन ह्याबद्दल अवाक्षर काढलं नव्हतं. पायऱ्यांवर सगळं सांगितलं, साहेबांपुढे सगळं सांगितलं, आणि नेमकं एवढं ओंजळीत झाकून ठेवलं होतं. आत्ताही 'नव्हतं' म्हटलं असतं तर तिघेही समाधानानं उठले असते. साहेब तरी निदान एक चांगला माणूस मागे ठेवून चाललोय असं समजून गेले असते. त्याची जीभ तिकडे वळलीही होती.

"होतं बाई," पायघडी म्हणाला. "आमच्या हिनं आदल्याच आठवड्यात सांगितलं होतं. मला वाटलं, तुम्ही कुठं जाताय."

बाईंनी मान हलवली, जणू विहिरीत सोडलेली मोजपट्टी ओली होऊन वर यावी आणि अंदाज बरोबर निघावा. साहेबांनी पाण्याचा पेला खाली ठेवला. आता त्यांनी पाहिलं पायघडीकडे. रागानं नव्हे. नवीन कुणी भेटायला आलं की बघतात तसं.

परतताना बडबड्या ड्रायव्हरनं आरशात एकदा बघितलं आणि रेडिओ लावला.

विमानतळावर निरोपाच्या दालनात खुर्च्या मांडलेल्या होत्या आणि बहुतेक रिकाम्या होत्या. पूर्वी असं कधी होत नसे. कारण पायघडी दोन दिवस आधी ह्याला सांगे ते येतायत, त्याला सांगे हे येतायत, आणि दालन भरून जाई. आजही दोन-तीन ठिकाणी फोन केले असते तर लाजेकाजेस्तव मंडळी आली असती. साहेबांचं जाणं जरा शोभलं असतं. पायघडीचा हात सकाळपासून फोनकडे जात होता आणि परत येत होता.

साहेबांनी उभ्या असलेल्या प्रत्येकाशी हस्तांदोलन केलं. ड्रायव्हरला मिठी मारली, माळ्याला त्याच्या गुलाबांबद्दल काही बोलले. पायघडीपाशी आले, हात पुढे केला. कोरडा, उबदार, योग्य तेवढा वेळ. मान किंचित झुकवली. त्यात कुठे बोट ठेवायला जागा नव्हती. राजशिष्टाचारात मुरलेल्या पायघडीला हा हात चांगला माहीत होता. ज्यांच्याशी आता काही बोलायचं उरलेलं नाही, त्यांना साहेब असा हात देत. मग ते काचेच्या दारातून आत गेले. मागे वळून बघतील म्हणून पायघडी बराच वेळ उभा राहिला.

घरी पोचला तेव्हा बायको ताट वाढून बसली होती. मधल्या काळात तिचा राग जरा विझला होता.

"भेटले का साहेब नीट?" तिनं विचारलं. "काय म्हणाले जाताना?"

तिला बरं वाटेल असं एखादं वाक्य त्याच्या ओठांवर आलंच. असं वाक्य त्याच्यापाशी केव्हाही तयार असे. त्यानं ते गिळलं.

"काही नाही म्हणाले," तो म्हणाला.

बायकोनं त्याच्याकडे एकदा नीट बघितलं. मग ताट त्याच्यापुढे सरकवलं, आणि दोघं जेवायला लागली.